दाजी आणि तिरक्या दातांची जोडी

दाजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चौथीच्या मुलांना त्रैराशिक शिकवत होतो. दाजींच्या गावचा माणूस सायकलवरून आला, वर्गाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचं दाजी गेलं." अशा वेळी माणसं 'कधी' विचारतात, 'काय झालं होतं' विचारतात. माझ्या तोंडून निघालं, "कुठं?" त्याला प्रश्न नीट कळला नसावा. "कुठं म्हंजी? घरातच की. सकाळी च्या प्याले, छातीत कळ आली म्हनले, आन् खाटंवर आडवं झालं ते झालंच." मी खुर्चीवर बसलो… आणि खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. सख्ख्या बहिणीचं कुंकू पुसलं गेलेलं, आणि मला छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. आज महिना होत आला, तरी त्या क्षणाची लाज वाटायची ती वाटतेच. पण ते 'कुठं' काय होतं हे सांगितल्याशिवाय मला दाजींबद्दल काही लिहिताच यायचं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. कोरेगावापासून सायकलीनं तासाभरावर त्यांचं गाव. दोन एकर ऊस, एक विहीर, आणि घरटी एक माणूस पलटणीत, ही तिकडची रीतच. दाजी फौजेत लॉऱ्या दुरुस्त करायचे. लढाईत आधी आफ्रिकेत होते, मग इटलीत. शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात परत आले ते हातीपायी धड आले, पण बोलणं तिकडंच कुठंतरी ठेवून आले. जेवायला हाक मारली की जेवत, नाही मारली तर नाही. कुणी म्हणे देवाला कौल लावा, कुणी म्हणे बाहेरचं लागलंय. आक्का म्हणायची, "लागंना का, बोलू द्या नुसतं." त्याच श्रावणात एका दुपारी त्यांना विहिरीतून बाहेर काढावं लागलं. पाय घसरला, असं आम्ही गावाला सांगितलं. दाजी पट्टीचे पोहणारे. ते पाय घसरून बुडायचे नाहीत हे गावालाही ठाऊक होतं, पण गाव शहाणं, कुणी पुढं विचारलं नाही. तेव्हापासून 'ह्ये कुठं हायेत?' हे आक्का दिवसातून वीसदा विचारायची. गड्याला, शेजारणीला, मी गेलो की मला. आणि उत्तर येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा.

दिवाळीनंतर आक्काचं मनगट सुजलं. घरात दोन म्हशी, ताक तर रोजच करावं लागे, आणि रवीची दोरी ओढताना ती कळवळायची. एकदा मी गेलो तर दाजी अंगणात बसून काटकीनं मातीत काहीतरी रेखत होते. एक उभं चाक, त्याला मूठ. त्याच्या दातांत दात घालून दुसरं आडवं चाक, आणि त्याच्या खाली रवी. म्हणजे मूठ जात्यासारखी नव्हे, समोर बसून रहाटासारखी फिरवायची आणि रवी मडक्यात उभी फिरणार. मी विचारलं, "हे काय दाजी?" ते म्हणाले, "बेव्हलची जोडी पायजे." तीन शब्द. मी तिथंच ठरवलं, काही झालं तरी ही जोडी आणायची. बेव्हल म्हणजे तिरक्या दातांची चाकं, फिरणं काटकोनात वळवून देणारी, एवढं मी गावच्या लोहाराकडून समजून घेतलं. तेवढ्यावर थांबलो, इथंच माझं चुकलं.

आमच्या घरी जोडी म्हटलं की बैलांची. वडलांची पद्धत अशी, की एक खोंड कोरेगावच्या बाजारात धरायचा आणि त्याच्या शिंगाला शिंग, उंचीला उंची बघत दुसरा म्हसवडच्या जत्रेत हुडकायचा. एका गोठ्यातली जोडी मागितली की मालक अडून बसतो, असं त्यांचं म्हणणं. मी तेच केलं. मोठं चाक साताऱ्याला मोडीवाल्याकडं मिळालं. ते पिशवीत घालून पुढच्या सुटीत सांगलीला गेलो, माधवनगरच्या गिरणीतून मोडीत निघालेलं एक धाकटं चाक शोधलं, आणि दुकानातच दातात दात घालून पाहिले. छान बसले. येताना रेल्वेत समोरच्या उतारूलासुद्धा मी ती जोडी दाखवली, त्यानंही मान डोलावली. मी तर स्वतःला अर्धा इंजिनियर समजायला लागलो होतो.

दाजींनी चाकं हातात घेतली. दातात दात घातले, उजेडाकडं धरून फट बघितली. मग चुलीकडं गेले, तव्याखालची काजळी बोटानं काढली, गोडेतेलात कालवून मोठ्या चाकाच्या दातांना फासली आणि दोन्ही एकमेकांवर फिरवली. धाकट्याच्या प्रत्येक दाताच्या बाहेरच्या कोपऱ्यावर काळा ठिपका उमटला, तिळाएवढा. बाकी दात कोराच. आणि दाजी बोलायला लागले.

"आवं मास्तर, शाळंत पोरास्नी ह्येच शिकवता व्हय? दात मोजलं, जाडी बघितली, झालं? दात भायेर रुंद आन् आत निमुळता कशापाई करत्यात? दोनी चाकांचा तिरकेपणा मिळून काटकोन भरला पायजे. तुमचा थोरला कापलाय त्याच्याएवढ्याच जोडीदारासाठी, आन् ह्यो बारका भलत्याच कुनाचा. ह्यास्नी येका जागी बसवलं तर सगळा भार ह्या येवढ्याशा कोपऱ्यावर. म्हैन्यात दात उडंल आन् तुमच्या आक्काच्या डोळ्यात जाईल. बैलं हायेत का ही, चार दिस येका दावणीला बांदली की रुळतील? येका यंत्रातनं निघाल्याली जोडी आणा. न्हाईतर आणूच नगा."

सहा महिने जो माणूस सलग दोन वाक्यं बोलला नव्हता, तो हे बोलत होता. आक्का भाकरी टाकून दारात आली, हात पिठानं माखलेले. "आजून बोला की," ती म्हणाली, "आजून शिव्या द्या त्याला." आणि रडायला लागली. मी जन्मात इतक्या आनंदानं बोलणी खाल्लेली नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी रजा टाकली आणि दाजींना घेऊन सांगलीला निघालो. स्टेशनावर आक्का माझ्या कानाशी एवढंच म्हणाली, "दत्तू, नजर हलवू नगंस त्यांच्यावरनं." माधवनगरला उतरून टांग्यानं सांगलीत गेलो. मोडीवाल्याच्या दुकानात दाजी तीन तास उकिडवे बसून होते. एक जोडी झिजलेली, एकीचं भोक वाकडं, एकीचे दात फार बारीक. मोठ्याला दात किती, धाकट्याला किती, हेही ते तोंडानं हिशेब करून बघायचे. म्हणाले, "मुठीच्या येका फेऱ्याला रवीचे तीन लई झाले. त्याच्यावर पळवली तर लोणी येत न्हाई, नुसता फेस येतोय." शेवटी ढिगाच्या तळाशी लोहाराचं भोकं पाडायचं एक जुनं यंत्र निघालं, सांगाडा मोडलेला, पण चाकं जागच्या जागी. दुकानदार म्हणाला, मोठं तेवढं न्या, धाकट्याला दुसरं गिऱ्हाईक आहे. "जोडी फोडू नगासा," दाजी म्हणाले. खिशातून काजळीची डबी काढली, दात माखले, फिरवले. डाग उमटला तो दाताच्या मधोमध, तांदळाएवढा लांबट. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला मी काही नाव देत नाही.

हात काळेकुट्ट झाले होते. म्हणाले, नदीवर धुऊन येतो. घाटाच्या पायऱ्या उतरत मी मागोमाग गेलो, आणि शेवटच्या पायरीवर त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत घट्ट धरलं. दाजींनी वळूनही पाहिलं नाही. "मास्तर, सोडा. हात धुयाला आलोय." मी सोडलं नाही. मग ते हसले, परत आल्यापासून पहिल्यांदा. "बरं, धरा तर धरा. जोडी आजून बसवायची हाय मला." त्यांनी वाळू घेऊन सावकाश हात घासले, आणि मी बाजारात चुकायला नको म्हणून आईला धरून ठेवणाऱ्या पोरासारखा उभा राहिलो.

रवी झाली. आक्काचं मनगट सुधारलं. मग कुणाला रहाटासारखी फिरवायची मूठ पाहिजे, कुणाला काय, दाजी गोठ्याशेजारच्या छपरात बसून नुसत्या हौसेपायी करून देत. पण सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. आठवडा-आठवडा कानशीचा आवाज यायचा नाही. आक्का स्वयंपाक करताना कान छपराकडं लावून असायची, आणि आवाज थांबला की हातातलं टाकून बघून यायची. तीन वर्षं ती अशी जगली. म्हणून त्या दिवशी मी पोचलो तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून पहिलं काय म्हणाली तर, "घरात गेलं रं… माझ्या डोळ्याम्होरं गेलं." तिच्या तोंडावर दुःख तर होतंच. पण दुसरंही होतं, जे माझ्या छातीत होतं ते, आणि आम्ही दोघांनी ते एकमेकांना दिसू दिलं.

तेरावा झाल्यावर आक्का मला छपरात घेऊन गेली. शेजारच्या म्हातारीला बसल्या जागी शेंगा फोडता याव्यात म्हणून दाजी एक यंत्र करत होते. त्या मापाची लोखंडी जोडी कुठं मिळेना, तर बाभळीच्या लाकडातून स्वतःच कोरायला घेतली होती. आक्का म्हणाली, "रोज येकच दात करायचं. लई सांगितलं तरी दुसरा न्हाई. आन् सांजचं उठायच्या आदी म्होरच्या दातावर रेघ मारून ठिवायचं." मी चाक उजेडात धरून मोजलं. अकरा दात कोरून झालेले. बाराव्याच्या जागी पेन्सिलीची रेघ, बारीक आणि सरळ.

आक्कानं रेघेवर बोट टेकवलं आणि पुसली जाईल म्हणून लगेच उचललं.

"दत्तू," ती म्हणाली, "ही ह्ये जायाच्या आदल्या सांजंची हाय."