डोंगरीच्या खोलीतली आयरिश पत्रं

सिसिलबाय गेल्याचा फोन आला तेव्हा मी घरी मेथी निवडत बसले होते. उत्तनजवळच्या डोंगरीच्या चर्चमधल्या फादरांनीच केला होता. झोपेतच गेल्या, म्हणाले. मला भडभडून आलं, आणि पाठोपाठ बरंही वाटलं. ज्या बाईला कुणी पाण्याचा पेला हातात दिलेलाही खपत नसे, तिला अंथरुणाला खिळणं कसं झेपलं असतं...

आम्ही उत्तनकडच्या एका शाळेत बरोबर शिकवायचो. मी लातूरची, लग्न होऊन मीरा रोडच्या पेणकरपाड्यात आलेली. मासळीच्या वासानं डोकं धरून बसायची. बायनं मला हळूहळू माणसात आणलं. निवृत्त झाल्यावर तिनं चर्चमागच्या खोलीतली जुनी दप्तरं ताब्यात घेतली आणि मलाही मदतीला ओढलं. तू बुद्धाची, मी येशूची, कागदांना काय त्याचं, असा तिचा सरळ हिशेब.

दप्तरं म्हणजे जमिनींचे कागद. फार पूर्वी इथे एक आयरिश फादर होते. गावातली भातशेतं सावकारांच्या नावावर जाताना बघून त्यांना आपला मुलूख आठवला. तिकडेही कुळांनी जमिनीसाठी मोठं भांडण मांडलं होतं. त्यांनी तिकडच्या पुढाऱ्यांना पत्रं लिहून सल्ला विचारला. उत्तरं आली, की शेत कसणाऱ्याचं नाव आधी कागदावर आणा. मग फादर बांधोबांध फिरले आणि कोण कुठलं शेत कसतं ते लिहून काढलं, ख्रिस्ती असो वा हिंदू. म्हणून आजही कुणी आगरी म्हातारा पणजोबाचं नाव बघायला येतो. बाय त्याला बसवून नाव वाचून दाखवायची, मग चहा पाजायची. कागदाला तेलकट हात लावला तर मात्र त्याची खैर नसे.

वैशाखात ती सगळे कागद अंगणात उन्हाला घालायची, शेजारी वाळणाऱ्या बोंबलांच्या बाजूला. मी नाक मुरडलं की म्हणायची, या वासाला कसर फिरकत नाही. खरं-खोटं तिचा येशू जाणे.

दोन वर्षांपूर्वी आयर्लंडच्या एका खासदारांचं पत्र आलं. उत्तरं देणाऱ्या पुढाऱ्यांपैकी एक त्यांचे पणजोबा. त्यांच्या जुन्या घरात संग्रहालय होतंय, तर मूळ पत्रं आणि शेतांच्या याद्या द्याव्यात, अशी विनंती होती. थंड खोली, काचेची कपाटं, सगळी सोय. आमच्या खोलीचं छप्पर गळकं, त्यामुळे आताच्या फादरांना पटलं. मलाही पटलं. बाय मात्र ऐकेना.

"ज्यांची नावं हायत, त्यांची पोरं-नातवंडं हितं हायत," ती म्हणाली. "ती काय विमानानं जातील नाव बघायला?"

तिनं झेरॉक्स पाठवल्या. खासदारांनी कळवलं, लिफाफा उघडताच समुद्राचा वास आला. बाय पोट धरून हसली. "समुद्र न्हाय रे बाबा, बोंबील हाय." मग दोघांचा पत्रव्यवहारच सुरू झाला. ते दर वेळी आडून मूळ कागद मागायचे. ही गोड इंग्रजीत नाही म्हणायची आणि खाली कोळंबीच्या लोणच्याची कृती लिहायची. किती मजा यायची तिला त्यात!

प्रश्न मात्र तसाच राहिला आणि ती गेली. तिच्या महिन्याच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, चर्चच्या कमिटीत तोच विषय निघाला. कागद आता सांभाळणार कोण? मी काही पुढे झाले नाही. माझे गुडघे, मीरा रोडहून तो बसचा प्रवास... कमिटीनं कागद देऊन टाकायचं ठरवलं आणि फादरांनी खासदारांना तसं कळवलं.

चार दिवसांत ई-मेलवर उत्तर आलं. बाय गेल्याचं फार वाईट वाटलं, असं त्यांनी लिहिलं होतं. पणजोबांनी सल्ला या गावाला दिला होता, तो गावातच राहू दे, हे तिचं म्हणणं आपल्याला पटलंय. कागद नकोत. नाताळात आपणच येतोय, तर ती खोली कधी उघडी असते?

फादरांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. काय कळवू, विचारलं.

"रविवारी, मिस्सेनंतर," मी म्हटलं. "मी असते तिथे."