गवतात वाजलेला फोन

घशाच्या ऑपरेशननंतर भोंग्याचा आवाज गेला. तीस वर्षं बसस्थानकाच्या खोलीत बसून गाड्यांच्या घोषणा केल्या, म्हणून गावानं ठेवलेलं हे नाव. घरी आल्यावर त्यानं आपला मोबाइल बायकोच्या हाती देऊन टाकला. पाटीवर लिहिलं, "मुक्याला फोन कशाला?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. टेबलावर दोनदा टकटक म्हणजे हो, एकदा म्हणजे नाही. एवढाच संसार उरला.

त्याला उठवलं ते ड्रोननं. शेजारच्याच्या भंगारातला मोडका ड्रोन त्यानं मागून आणला आणि महिनोन् महिने तारांना डाग देत बसला. साध्या रिमोटनं तो टेकडीपर्यंतच जाई. मग बायकोला नवा फोन आणि नवा नंबर घेऊन दिला आणि तिचा जुना फोन सिमसकट ड्रोनच्या पोटाला बांधला. आता हुकूम मोबाइलच्या टॉवरवरून जाणार, म्हणजे जिथे रेंज तिथे ड्रोन. तो पुन्हा जेवू लागला, दाढी करू लागला. बायको देवापुढे हात जोडून म्हणायची, "एवढं यंत्र सांभाळ रे बाबा."

त्या सकाळी दोघं माळावर गेली. तिच्या नव्या फोनवरून लॅपटॉपला इंटरनेट दिलं. नकाशावरचा ठिपका टेकडी ओलांडून गेला. भोंग्यानं गुडघ्यावर दोनदा टकटक केलं. आणि ठिपका थांबला तो थांबलाच.

काय झालं ते बायकोच्या लगेच लक्षात आलं. जुन्या फोनवर कॉल आला की इंटरनेट तुटतं, आणि संपर्क तुटला की ड्रोन आहे तिथे खाली उतरतो. नवा नंबर तिनं सगळ्यांना कळवला होता. राहिल्या होत्या फक्त वन्सं. भोंग्याची थोरली बहीण! रोज याच वेळी त्यांचा फोन ठरलेला.

टेकडीपलीकडे कमरेइतकं गवत. शोधून शोधून भोंगा खाली बसला. चेहरा पुन्हा तसाच, भिंतीकडे वळल्यासारखा. जुन्या फोनवर रिंग द्यावी, तर स्वतःचा नंबर कुणाला पाठ असतो? तिनं वन्संना फोन लावला.

"अगं, आहेस कुठे? इतक्या वेळा केला, उचलत का नाहीस?"

"वन्सं, तो फोन गवतात पडलाय. तुम्ही त्याच्यावर करतच राहा, थांबू नका."

"गवतात? माझ्याशी बोलायचं नसेल तर सरळ सांग की!"

"पाया पडते तुमच्या. आधी फोन करा, मग हवं तेवढं बोला."

वन्संनी एकदा मनावर घेतलं की सुटका नाही. जरा वेळानं डाव्या हाताला, गवतात, तिनं कधीकाळी रिंगटोन म्हणून लावलेली देवळातली घंटा वाजायला लागली. थांबली. पुन्हा वाजली. भोंगा धडपडत धावला. ड्रोन गवताच्या गादीवर अलगद बसला होता, पंखही मोडला नव्हता. त्यानं तो लेकरासारखा उचलला.

एवढ्यात बायकोच्या हातातला फोन वाजला. "सापडला का मेला?" वन्सं ओरडत होत्या.

भोंग्यानं हात पुढे केला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यानं फोन कानाला लावला आणि नखानं त्यावर दोनदा टकटक केलं.

उभ्या जन्मात कधी हळू न बोललेल्या वन्संचा आवाज एकदम बारीक झाला. त्यांनी भावाला लहानपणीच्या नावानं हाक मारली, "दादू? तू आहेस?"

टकटक.

बायकोनं टेकडीवरच्या टॉवरकडे बघून हात जोडले.