व्हॉल्व्हला टांगलेली इस्त्री

गल्लीत लॉन्ड्रीवाल्याला सगळे 'परवानगी' म्हणत. ज्या शब्दाने माणसाच्या अंगाचा तिळपापड होतो, तोच त्याच्या गळ्यात बांधायचा, हा गल्लीचा जुना खाक्या. सरकारने चोर पकडावेत, रस्ते नीट ठेवावेत आणि बाकी वेळ आपल्या उंबऱ्याबाहेर उभं राहावं, एवढंच त्याचं म्हणणं. शेजारचा शिंपी मुद्दाम डिवचायचा आणि हा हातातलं काम टाकून भांडायचा. खरं सांगायचं तर त्याचे मुद्दे खोडून काढणं शिंप्याला कधीच जमलं नाही.

पण ते मुद्दे काही पुस्तकातून आले नव्हते. तो लहान असताना कसलासा शिक्का नाही म्हणून एका साहेबाने त्याच्या वडिलांच्या दुकानाला टाळं ठोकलं. वडिलांचा चष्मा आत राहिला. तेवढा काढून घेऊ द्या म्हणून त्यांनी हात जोडले, तर साहेब म्हणाला, वरून परवानगी आणा. पुढे दुकान उघडलं, चष्माही मिळाला. पण ते जोडलेले हात मुलाच्या डोळ्यांसमोरून हलले नाहीत.

म्हणून हा स्वतःच डोळ्यांत तेल घालून सगळं तपासायचा. मागच्या खोलीत वाफेचा बॉयलर होता. वाफ प्रमाणाबाहेर वाढली की त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडून ती बाहेर सोडायचा. रोज सकाळी हा व्हॉल्व्हची दांडी उचलून फुस्स आवाज ऐकायचा आणि मगच बायकोला कपडे दाबायच्या वाफेच्या प्रेसवर उभं राहू द्यायचा. ज्याची जोखीम, त्याची काळजी, हे त्याचं आवडतं वाक्य.

त्या दिवशी मात्र व्हॉल्व्ह सकाळपासून गळत होता. दवाखान्याच्या चादरींचा ढीग पडलेला, प्रेस काही तापेना. शेवटी त्याने माळ्यावरची कोळशाची जुनी इस्त्री काढली आणि तारेने दांडीला टांगली. त्या वजनाने गळती थांबली. आजचं उरकू, उद्या दुरुस्त करू, असं तो मनाशी म्हणाला, पण बायकोला काही बोलला नाही. एवढ्या तेवढ्या गोष्टी बायकांना काय सांगायच्या!

आणि नेमका दुपारी बॉयलर तपासनीस दारात उभा राहिला. माणूस मवाळ होता, दोन मिनिटं बघतो म्हणाला. परवानगीने उंबऱ्यातच हात आडवा धरला. लेखी हुकूम दाखवा, माझी जागा आहे, माझा बॉयलर आहे, मी चोर नाही. शब्द पाठच होते. शिंपी कात्री ठेवून ऐकायला आला. एरवी परवानगीला स्फुरण चढलं असतं. पण आज तोंड उंबऱ्यावर भांडत होतं आणि सगळं लक्ष मागच्या खोलीत होतं. आपण तत्त्वासाठी अडवतोय की त्या इस्त्रीसाठी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो आणखी तावातावाने बोलत राहिला. तपासनीस पुढच्या आठवड्यात हुकूम घेऊन येतो म्हणून निघून गेला.

तेवढ्यात बायको मागच्या खोलीच्या पडद्याआडून आली. आवाज अगदी हळू होता.

"अहो, आत या. आज व्हॉल्व्हचा आवाजच नाही."

तो धावला. वाफेच्या दाबाचा काटा तांबड्या रेघेच्या पार गेला होता. बायकोने बर्नर आधीच बंद केला होता. त्याने तिला बाहेर जायला सांगितलं, पण ती दारातून हलली नाही. त्याने तार सोडवली, इस्त्री खाली ठेवली. आता व्हॉल्व्ह उघडायला हवा होता. तो उघडला नाही. बॉयलर नुसता गरम उसासे टाकत होता. त्याने हाताला फडकं गुंडाळून दांडी उचलली. ती जागची हलेना. पुन्हा जोर लावला, तेव्हा कुठे कानठळ्या बसवीत वाफ छताच्या नळीतून बाहेर पडली.

काटा हळूहळू खाली आला. प्रेस बॉयलरच्या भिंतीला लागूनच होती. बायकोने त्या भिंतीवर हात ठेवून बघितला आणि झटकन मागे घेतला.

"त्या माणसाला हाकललंत ते बरोबर की चूक, मला कळत नाही," ती म्हणाली. "पण इथे उभी मी असते. ही इस्त्री टांगताना मला विचारलं होतं?"

वडिलांना त्या साहेबाने विचारलं नव्हतं, आणि आज आपल्या घरातला साहेब आपणच झालो, हे त्याला एकदम दिसलं. त्याची त्याला भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने नवा व्हॉल्व्ह बसवला. तपासनिसाबद्दलचं मत बदललं नाही, शिंप्याशी सकाळीच एक फेरी झाली होती. मग तो मागच्या खोलीत गेला, दांडीवरचा आपला हात काढला आणि बायकोला पुढे बोलावलं. तिने दांडी उचलून आवाज ऐकला. पुन्हा एकदा उचलून ऐकला.

काडी हातात धरून तो थांबला होता.

"पेटवू का?" त्याने विचारलं.

पडद्यापलीकडे दुकानात उभ्या शिंप्याने ते ऐकलं, पण तो हसला नाही. बायको अजून काट्याकडेच बघत होती, आणि ती हो म्हणेपर्यंत परवानगी तसाच उभा राहिला.