वाट सोड, हात ठेव

देवानंद सर सकाळी उठतात तेच दमलेले. मोहर्लीच्या अलीकडच्या शाळेत भूगोल, पी.टी. आणि वाघ हे तीन विषय त्यांच्या गळ्यात. वाघ म्हणजे जंगलातून शाळेत येताना जीव कसा सांभाळायचा, ते शिकवणं. दर सोमवारी प्रार्थनेनंतर ते सांगत, "डुक्कर असो का अस्वल, अंगावर धावून आलं तं वाट सोडा." पोरी भूगोल विसरल्या, हे नाही विसरल्या. तिथंच शाळेच्या सॉफ्टबॉल संघाचा घात झाला.

जिल्हा स्पर्धेत दरवर्षी पहिल्याच सामन्यात हार. यंदा मुख्याध्यापक प्रेमानं म्हणाले, "हरलात तं खेळ बंद. मैदानात सोयाबीन तरी वाळंल." सुटलो, असं सर मनात म्हणाले आणि घरी जाऊन फाटके ग्लोव्ह शिवत बसले.

चंद्रपूरला यंदा दोनच संघ उतरले, गाठ पडली बल्लारपूरकडच्या पोरींशी. त्या बेस चोरण्यात पटाईत. चेंडू टाकणारीच्या हातून तो सुटला, की ह्या पहिल्या बेसवरून दुसऱ्याकडे सुसाट, शेवटी पाय पुढे करून घसरत. फटका मारणारीच्या मागं बसलेल्या कॅचर दिव्यानीची फेक दुसऱ्या बेसवरच्या रोशनीकडे वेळेत यायची. बेस गाठण्याआधी धावणारीला चेंडू लावायचा, एवढंच रोशनीचं काम. पण ती चेंडू छातीशी धरून चार पावलं बाजूला.

"जागेवर उभी राह्य," ओरडून सरांचा घसा बसला.

शेवटचा डाव आला. सरांची शाळा एका धावेनं पुढे. कशी, ते सरांनाही कळलं नव्हतं. समोरच्या दोघी बाद, तिसरी पहिल्या बेसवर पाय घासत उभी. ती बाद झाली की सामना खिशात. दुसऱ्या बेसवर पोचली, की एका फटक्यात बरोबरी. सरांनी खेळ थांबवून रोशनीला बोलावलं.

"काऊन हटतं व माय?"

"तुमीच तं सांगतलं सर. धावून आलं तं वाट सोडाची."

"ते डुकरासाठी."

"ते पोट्टी डुकरापेक्षा कमी हाय का? बुटाले खिळे हाय तिच्या."

भांडायलाही त्राण नव्हतं, म्हणून सर विचार करू लागले.

"बरं, सोड वाट. पण हात ठेव. बेसच्या बाजूनं राह्य, चेंडू झेलला का ग्लोव्ह बेसपुढं जमिनीवर टेकव. ते येते आपल्याच पायानं."

"हे पह्यले काऊन नाई सांगतलं?"

सर पाणी प्यायले.

पोरगी सुटली. दिव्यानीनं फेकलं. रोशनीनं झेललं, सवयीनं बाजूला झाली, पण हात मात्र बेसपुढं ठेवून. घसरत आलेला बूट सरळ ग्लोव्हमध्ये शिरला. पंचाचा अंगठा वर गेला, बाद.

सरांनी मुख्याध्यापकांना फोन लावला. "जिंकलो."

पलीकडून लगेच प्रश्न आला, "मंग सोयाबीन कुठी वाळवाचं?"

"रस्त्यावर," म्हणून सर सामानाच्या पोत्यावर टेकले. आता विभागीय स्पर्धा, म्हणजे नागपूर, म्हणजे ह्या सगळ्या पोरी घेऊन एसटी. त्यांनी डोळे मिटले.

"गाडीत ओकणाऱ्यायनं हात वर करा."

सगळ्यांत आधी रोशनीचा हात वर गेला. ग्लोव्ह अजून तिनं काढला नव्हता.