भरलेलं

टकटक गेला त्याला सहा वर्षं झाली. लिहिण्याची मला सवय नाही. जमेल तसं लिहितो.

आमच्या उद्यान खात्यात तो झाडं तपासायचा. कुऱ्हाडीच्या दांड्याने खोडावर टकटक करायचा, कान लावायचा. म्हणून ते नाव. मी कारकून, त्याचे कागद चांगल्या अक्षरात उतरवायचो. खोडाच्या रकान्यात शब्द दोनच असत, भरीव किंवा पोकळ. पोकळ म्हणजे तोडायचं.

शाळेमागच्या जुन्या झाडाच्या ढोलीत त्याला तपकिरी भुंगेरे दिसले. कीटकांचा अभ्यास करणाऱ्या बाई म्हणाल्या, हे आता इथे एवढ्या एकाच झाडात उरलेत. ढोलीतल्या भुशात अळ्या तीन वर्षं वाढतात. झाडाला टेकू दिले तर वाचतील. तेव्हापासून टकटकच्या तोंडी दुसरा विषय नाही.

"किड्यांचा सासरा झालास की काय?" मी म्हणालो.

"जावई तुझ्यापेक्षा बरे. खातात, पण गप्प खातात."

"पण झाड पोकळ आहे ना?"

"पोकळ आहे. रिकामं नाही."

त्या झाडाच्या कागदावर त्याने लिहिलं, 'भरलेलं'. असा शब्द रकान्यात बसत नव्हता. मला वाटलं, घाईत चुकला. विचारायचा संकोच वाटला. मी 'पोकळ' लिहिलं. साहेबांची सही झाली.

टकटक पोचला तेव्हा बुंधा आडवा झाला होता. त्याने आणि बाईंनी ओंजळीओंजळीने भुसा पोत्यात भरला, लाकडी पेटीत घालून शेजारच्या झाडाला टांगला. मग तो माझ्या टेबलाशी आला. कपड्यांना भुसा तसाच होता.

"अक्षर तुझं आहे."

"मला वाटलं, तू चुकलास."

"विचारायचं होतंस रे."

त्यानंतर तो कधी त्यावर बोलला नाही. दर रविवारी पेटीला कान लावायला जायचा. मीही मागे जाऊन उभा राहायचो; त्याने नको म्हटलं नाही. तिसऱ्या वर्षी तो आजारी पडला आणि महिन्याभरात गेला. वहिनींनी कुऱ्हाड माझ्याकडे दिली.

दोन महिन्यांनी पेटीच्या भोकातून एक भुंगेरा बाहेर आला. मी बाईंना फोन केला.

"नर की मादी?"

मला कळेना. दोन्हींपैकी काहीतरी एक सांगून मोकळा होणार होतो.

"कसं ओळखायचं?" मी विचारलं.