पेटीतली जुनी वाळू
ओल्या गाळाचा वास आला की सासऱ्यांनी मुंबईहून बोटीने रत्नागिरीला आणलेली माशांची काचपेटी आठवते. माझ्या लग्नाला महिना झाला होता. सासरे कचेरीत गेल्यावर मी पेटीतली काळपट वाळू केळीच्या बुंध्यात ओतली, काच राखेने घासली आणि भाट्याच्या किनाऱ्यावरची पांढरी वाळू धुऊन भरली. संध्याकाळी मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. मला रडूच फुटलं. सासरे ओरडले नाहीत. केळीखालची वाळू त्यांनी ओंजळीने परत पेटीत सोडली. "जुन्या वाळूतल्या गाळानेच माशांचं पाणी चांगलं राहतं. नवी जागा एकदम मानवत नाही गो कुणाला," ते म्हणाले, "चार दिवस राजापूरला आईकडे जाऊन ये." दोन मासे वाचले. आता नवी नातसून पदर खोचून माझं कपाट लख्ख करायला घेते, तेव्हा मी रागावत नाही; माहेरी कधी जातेस, एवढंच विचारते.