विनीत सरांनी न दिलेलं उत्तर

विनीत भिंगारदिवे यांनी डोंबिवलीच्या एका कॉलेजात तेहतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. वडील देवराम नगर जिल्ह्यातून आलेले, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर. रविवारी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचे. "बुद्धी ही त्याचीच देणगी आहे," ते मुलाला सांगत, "ती चपलेसारखी दाराशी काढून आत येऊ नकोस."

विनीतने ते पाळलं. चूक केली ती उलट बाजूने. बुद्धी चर्चमध्ये नेली आणि श्रद्धा कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवली.

त्याला कारण घडलं होतं. पीएचडीच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हसत विचारलं होतं, "भिंगारदिवे, तुमच्या देवाचं प्रमाण विचलन किती?" सगळे हसले. विनीतही हसला, आणि ते हसणंच त्याला पुढे कितीतरी दिवस सलत राहिलं. नोकरी लागल्यावर आणखी एक धास्ती बसली. वर्गात देवाचं नाव काढलं आणि कुणी म्हणालं, हा धर्मप्रसार करतो, तर? त्यापेक्षा गप्प बरं. वर्तकनगरच्या घरी मात्र तो एका वहीत लिहीत असे. ज्याला आपण योगायोग म्हणतो, तिथे देव नसतोच का? बायबलमधली माणसं चिठ्ठ्या टाकून निर्णय देवावर सोपवत, तेव्हा ती नेमकं काय मानत होती? शंभरेक पानं झाली. ती फक्त बायकोने, वासंतीने वाचली होती.

बारा वर्षांपूर्वी त्याच्या वर्गात शिवानी भोईर होती. गणितात तल्लख, पहिल्या बाकावर बसणारी. तिचे वडील गोविंदा एका केमिकल कंपनीत कामाला होते. तिथे स्फोट झाला आणि ते गेले. तीन आठवड्यांनी शिवानी कॉलेजात आली, ती थेट स्टाफरूममध्ये.

"सर, बाबांची त्या दिवशी रात्रपाळी होती. मित्राच्या घरी साखरपुडा होता म्हणून त्यांनी पाळी बदलून दिवसाची घेतली. तुमच्या भाषेत याला काय म्हणायचं?"

 शेजारच्या खुर्चीवर सहकारी गुरुदत्त कुलकर्णी पेपर तपासत होते. त्यांचा पेन थांबल्यासारखा विनीतला वाटला.

"तुम्ही चर्चला जाता ना सर? तुम्हाला स्वतःला काय वाटतं, तेवढं सांगा."

सांगण्यासारखं शंभर पानांचं होतं. विनीत म्हणाला, "हे बघ, हा प्रश्न आपल्या विषयाच्या बाहेरचा आहे. तू आधी स्वतःला सावर. राहिलेल्या प्रॅक्टिकल्सची मी सोय करतो."

"बरं सर," ती म्हणाली आणि गेली. पुढच्या महिन्यात तिने कॉलेज सोडलं. घरची परिस्थिती, असं ऑफिसातून कळलं. विनीतने तेच कारण स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं.

निवृत्तीनंतर वागळे इस्टेटमधल्या एका पॅकेजिंग कंपनीने त्याला गुणवत्ता तपासणीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यायला बोलावलं. पहिल्या दिवशी चहाच्या वेळी एक बाई कप घेऊन समोर आली. "ओळखलंत का सर? शिवानी. इथे सुपरवायझर आहे मी."

ओळखलं होतं त्याने. सकाळपासून तिच्याकडे बघायचं टाळत होता. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर तो म्हणाला, "त्या दिवशी मी तुला उत्तर द्यायला हवं होतं."

"मी उत्तर मागायला नव्हते आलेली सर. उत्तर कोणाकडे असतं? इतकं शिकलेला माणूस मनात काय धरून जगतो, ते ऐकायचं होतं." ती रागाने बोलत नव्हती. "मग वाटलं, तुम्हालाच बोलता येत नाही, तर या विषयात आपल्यासाठी काय आहे? आणि घरी पैसेही लागत होते."

"मी त्यावर लिहिलंय बरंच. वही आणून देऊ?"

ती जराशी हसली. "आता नको सर. तेव्हा हवं होतं. आता माझं मी काहीतरी जुळवून घेतलंय, ते परत उसवायला नको."

घरी त्याने वासंतीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी संपवली. मग म्हणाली, "पोरीने तुमचं मन विचारलं होतं. आजही तुम्ही वहीच पुढे केलीत."

दुसऱ्या दिवशी, मालाची मापं मर्यादेत आहेत का ते दाखवणारा कंट्रोल चार्ट समजावताना मशीनवरच्या एका कामगाराने विचारलं, "ठिपका रेषेबाहेर गेला, सगळं तपासलं, तरी कारण सापडलंच नाही, तर?"

विनीतने खडू खाली ठेवला. "तर नोंद करायची आणि काम चालू ठेवायचं, असं पुस्तक सांगतं. पण कारण सापडलं नाही म्हणजे त्याला अर्थच नाही, असं मी मानत नाही. मी देवाला मानतो, म्हणून तसं मानत नाही. हे माझं मत आहे. परीक्षेला येणार नाही."

दोघातिघांनी मान डोलावली. एकाने ते वाक्य मुद्दा म्हणून वहीत उतरवून घेतलं. बोलायला किती सोपं होतं, हे विनीतला तेव्हा कळलं. त्याने मागे बसलेल्या शिवानीकडे पाहिलं. कंपनीची बस साडेपाचला सुटायची. ती वर न बघता डबा पिशवीत भरत होती.